प्रौढ स्त्री, जवळ

लुइस्टन, मेन
८ मार्च

प्रिय कोरीन,

काल, मंगळवार ७ मार्चला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, शाळेच्या दारात, ओले बूट काढायची चटई असते तिथे मला उभं करून मुख्याध्यापिका मिसेस टॉर्सीने माझ्या हातात एक रंगीत कागद दिला आणि माझी नात बोलत नाही, असं मला सांगितलं.

"बोलत नाही म्हणजे?" मी विचारलं.

"कागदावर आहे, मॅडम."

"मी कागदाला विचारत नाही, तुम्हाला विचारतेय."

त्यावर त्यांनी तोंडभर हसून मला आलेख दाखवला. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा एक खांब. एलोडीच्या खांबाला खांब म्हणायला जीभ धजत नाही, ती जमिनीवर पडलेली रेघ आहे. एकाआड एक मंगळवारी तुझी माणसं मुलांना त्या निळ्या बंड्या घालतात, छातीवरच्या खिशात ते रेकॉर्डिंगचं यंत्र, आणि संध्याकाळी ओहायोत बसलेला तुझा संगणक कोण किती बोललं ते ठरवतो. त्याने ठरवलंय की हा अख्खा हिवाळा माझी नात मुकी होती.

शाळा तिला पहिल्या मेपासून नदीपलीकडच्या खास वर्गात हलवणार. २० एप्रिलला बैठक. मी सही करावी म्हणून आत्तापासूनच मला गोड बोलणं चाललंय. या वर्गात तिची एक मैत्रीण आहे, हमदी, सोमाली कुटुंबातली. दोघी दिवसभर वर्गातल्या खेळायच्या, खोट्या स्वयंपाकघरात असतात. आई गेल्यापासून त्या पोरीकडे तेवढंच उरलंय, आणि तेवढंच हे काढून घेणार.

डेनीसने सप्टेंबरात परवानगीवर सही केली ती तुझ्या शब्दावर. "कोरीनचं काम आहे, मम्मा, आपल्याच घरातलं." तू तिची मावसबहीण, तू तिच्या पोरीची धर्ममाता. बाप्तिस्म्याला एलोडीला हातात धरून तू काय काय कबूल केलंस ते मी ऐकलंय, मी पहिल्या बाकावर होते. आता डेनीस दफनभूमीच्या दगडी कोठीत, गोठलेली जमीन खणण्याइतकी मऊ व्हायची वाट बघत पडली आहे आणि तिची मुलगी तुझ्या कागदावर रेघ होऊन पडली आहे.

तसं हल्ली सगळ्यांचंच ताळतंत्र सुटलंय. दफनभूमीचा मिस्टर कॅरन फेब्रुवारीत तिला पुरायची तारीख कळवतो म्हणाला होता. कळवली नाही. शेवटी मीच फोन केला, तर म्हणे, "मी सांगितलं ना मॅडम तुम्हाला, १३ मे. तुम्ही 'ठीक आहे, आभारी आहे' म्हणालात." मी असं काहीही म्हणाले नव्हते. तो माणूस जेवणाआधीपासून पितो. म्हणजे मी जे बोलले नाही ते बोलले, आणि एलोडी जे बोलते ते बोलत नाही. वा.

उत्तर पत्राने दे. फोन करू नकोस, घरात लहान कान आहेत.

तुझी मावशी,
लिओनी

॰

ओहायो
१४ मार्च

प्रिय तांत लिओनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचा राग मी डोक्यावर घेते, पण यंत्राबद्दल थोडं सांगू द्या.

ते शब्द ऐकत नाही. ते फक्त आवाज कुणाचा ते ओळखतं. हजारो मुलांची आणि मोठ्या माणसांची रेकॉर्डिंग्ज ऐकवून आम्ही त्याला ते शिकवलंय. बंडी घातलेलं मूल स्वतः, इतर मुलं, प्रौढ स्त्री, प्रौढ पुरुष. जवळ की दूर. मग ते मोजतं. ती रेकॉर्डिंग्ज आमच्यापैकी कुणीही ऐकत नाही. मुलांचं खासगी बोलणं कुणाच्या कानी पडू नये म्हणूनच तशी व्यवस्था आहे.

एलोडीचा पूर्ण कागद मी काढून पाहिला. तिचं स्वतःचं बोलणं खरंच नगण्य आहे. पण दुसरी बाजूही आहे. "प्रौढ स्त्री, जवळ" हा तिचा खांब सगळ्या वर्गात सर्वात उंच आहे. म्हणजे तिच्या बाई, मिस हॅडली, तिच्याशी खूप बोलतात. आम्ही त्यांचं त्याबद्दल लेखी कौतुकही केलं. मूल उत्तर देत नसताना इतकं बोलत राहणं सोपं नसतं.

तांत, रागावू नका. आई गेल्यावर मुलं घरात बोलतात आणि बाहेर गप्प होतात, असं पुष्कळदा घडतं. तिला तुम्ही काय सांगितलंय? डिसेंबरात मी विचारलं तेव्हा तुम्ही विषय बदललात.

तुमची,
कोरीन

॰

लुइस्टन
२१ मार्च

कोरीन,

तू आकड्यांबद्दल लिही. माझ्या घरात काय सांगितलं जातं ते मी बघेन.

पण विचारलंस म्हणून. १९ डिसेंबरला पुलावर गाडी घसरली, त्या रात्री मी एलोडीला म्हणाले की मम्मा बॉस्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे आणि बर्फ वितळेपर्यंत तिथे राहावं लागेल. चर्चमधल्या प्रार्थनेच्या दिवशी तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं. कुणाला पुरता येत नाही तोवर कुणी गेलं असं मला म्हणवत नाही. जमीन उघडली की सांगेन. एलोडीने नंतर एकदाही विचारलं नाही. शहाणं मूल आहे. मला हल्ली फक्त राग येतो, बाकी काही येत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता तुझ्या मिस हॅडलीबद्दल. ती पंचवीस वर्षांची, भली पोर आहे. अठरा मुलांची नाकं पुसता पुसता तिला स्वतःचं नाक पुसायला वेळ मिळत नाही. ती दिवसभर माझ्या नातीच्या कानाशी बसून बोलते, हे तिच्या आईलाही पटणार नाही. मी काल गेले तर ती मुलांच्या बर्फात घालायच्या विजारींच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेली होती.

आणि मूल गप्प! सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू असते. वाटाण्याच्या सुपात हॅम कमी पडलं, हमदीच्या भावाचा दात पडला, मेमेर तू बूट नीट घातले नाहीस, मेमेर तुझ्या चष्म्यावर पीठ आहे. मला हसवायला नाना सोंगं करते. परवा तळघरात मी कपडे वाळत घालत होते, फोन वाजला, वर येईपर्यंत बाई खुर्चीवर उभी राहून फोन ठेवत होती. औषधांच्या दुकानातून होता. त्या गाढवाने माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची सगळी कहाणी तिला मी समजून ऐकवली! "मेमेर, जेवणानंतर घ्यायच्या, आधी नाही," हे तिने मला सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. आपल्या घरातल्या बायकांचा आवाज तुला माहीतच आहे. हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर मला तीस वर्षं लोक "सर" म्हणत होते. त्यात माझ्याजवळ राहून ती माझ्यासारखीच सावकाश, पूर्ण वाक्यात बोलते. कॉन्व्हेंटात सिस्टर सेंट-क्लोटिल्डने आम्हाला तसं शिकवलं होतं, मी हिला शिकवलं.

तर ते रेकॉर्डिंग ऐका. यंत्राने नाही. माणसाने, कानांनी. परवानगी मी देते, कागद पाठव.

लिओनी

॰

ओहायो
३ एप्रिल

प्रिय तांत लिओनी,

तुमच्या सहीचा कागद मिळाला आणि मी तुमच्या पत्रातला औषधांच्या दुकानाचा परिच्छेद हातात घेऊन ऐकायला बसले.

तुम्ही बरोबर होतात. आम्ही चुकलो.

"प्रौढ स्त्री, जवळ" ही मिस हॅडली नाही. ती एलोडी आहे. यंत्राने शिकताना ऐकलेल्या मुलांचे आवाज बारीक, वाक्यं तुटक. जाड आवाजात, न अडखळता, थांबत थांबत बोलणारं चार वर्षांचं मूल त्याने पाहिलंच नव्हतं. त्यामुळे तिचं जवळजवळ सगळं बोलणं त्याने मोठ्या बाईच्या नावावर टाकलं. ती वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी मुलगी आहे, तांत. आणि तिच्या बोलण्याबद्दल आम्ही तिच्या बाईंना शाबासकी दिली.

शाळेला आजच पत्र पाठवलंय, प्रत सोबत आहे. कागद रद्द झाला, तिला हलवायचं कारण उरलं नाही. इतर शाळांतल्या अशा मुलांचे कागदही आम्ही आता परत तपासतोय. किती निघतील मला माहीत नाही.

मी थोडंच ऐकलं. १३ मेला मी येतेच आहे, तेव्हा बोलू.

तुमची,
कोरीन

॰

लुइस्टन
१० एप्रिल

कोरीन,

२० तारखेची बैठक रद्द झाली. मिसेस टॉर्सीने मला दारात गाठून "गैरसमज" असा शब्द वापरला. मी म्हटलं, "गैरसमज दोघांत होतो, मॅडम. मी यात नव्हते." एलोडी तिच्याच वर्गात राहणार. लेखी घेतलंय.

मिस हॅडली मात्र माझ्या मागे गाडीपर्यंत आली, कोट न घालता.

"मला वाटायचं की ती बोलते," ती म्हणाली. "मला ऐकू यायचं. पण दर वेळी कागद यायचा आणि त्यावर नाही असायचं. मग मला वाटलं, मीच गोंधळात दुसऱ्या कुणाचं ऐकत असेन. आणि कागदावर माझं नाव चांगलं होतं."

"बाई, कान तुमच्या डोक्याला होते ना? की तेही बंडीच्या खिशात?"

ती रडायला लागली. मी तिला रुमाल दिला. मला काही वाटलं नाही. हिवाळ्यात बोटं बधिर झाली की सुई टोचलेली दिसते पण लागत नाही, तसं काहीसं. रुमाल तिने धुऊन परत पाठवला आहे, हे तिच्या बाजूने नोंदवते.

आता तुझ्याबद्दल. तू लहानपणी काही फोडलंस की फार थोडं आणि फार नीट बोलायचीस. तुझं मागचं पत्र तसं आहे. "मी थोडंच ऐकलं." ओहायोत बसून आठ पानांचे निबंध पाठवणारी मुलगी थोडंच ऐकत नाही. जी पोरगी वर्गात सगळ्यात जास्त बोलते ती काय बोलते, हे तू एका अक्षराने लिहिलेलं नाहीस.

मी तिची पालक आहे. परवानगी मी दिली. ती काय बोलते?

लिओनी

॰

ओहायो
१७ एप्रिल

प्रिय तांत,

हे समोर बसून सांगायचं होतं. तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते. हे २८ फेब्रुवारीचं, खोट्या स्वयंपाकघरातलं आहे. जसं ऐकलं तसं उतरवलंय.

हमदी म्हणते, "आज तुझी मम्मा येणार घ्यायला?"

एलोडी म्हणते, "नाही गं. ती मेली. जमीन मऊ झाली की तिला पेटीतून खाली ठेवणार. फोन आला होता."

"कुणाला?"

"मला. एका माणसाचा. तो म्हणाला तुमच्या मुलीची पेटी. मी ठीक आहे म्हटलं."

"तुझी आजी रडली?"

"मेमेरला अजून माहीत नाही. तिला सांगायचं नाही हं. ती म्हातारी आहे. हे घे सूप. फुंकून पी."

मग भांड्यांचा आवाज येतो. नंतर त्या दोघी बाहुलीला झोपवण्याबद्दल बोलतात.

तांत, मिस्टर कॅरन खोटं बोलले नव्हते. त्यांनी फेब्रुवारीत फोन केला होता, आणि तुमचाच आवाज ऐकला असं त्यांना वाटलं. आमच्या यंत्राने जी चूक केली तीच त्यांनी केली. एलोडीने त्यातून एवढंच काढलं की बातमी तिच्याकडे आली आहे आणि तुमच्यापर्यंत पोहोचलेली नाही. म्हणून ती तुम्हाला विचारत नाही. मला वाटतं, म्हणूनच ती तुम्हाला हसवते.

मी काय म्हणावं ते मला कळत नाही. माफ करा.

कोरीन

॰

लुइस्टन
२३ एप्रिल

कोरीन,

पत्र मिळालं. तळघरात वाचलं.

मिस्टर कॅरनला मी फोन केला. फेब्रुवारीतला कोणता दिवस, विचारलं. त्याने वही पाहून सांगितलं. त्या दिवशी मी गाडीवरचा बर्फ खरवडत बाहेर होते आणि एलोडी खिडकीतून मला हात करत होती. हात केला, मग खिडकीतून नाहीशी झाली, मग परत येऊन हात केला. मला आठवतं, कारण दुसऱ्या वेळी तिने दोन्ही हात केले. कॅरनला अजूनही वाटतं की तेव्हा तो माझ्याशीच बोलला. मी त्याला दुरुस्त केलं नाही. तो पितो, हे मी गावभर सांगितलं होतं, ते मात्र आता एकेका घरी जाऊन मागे घेतेय.

काल शनिवार होता, बीन्स केले होते. टेबलाशी बसल्यावर सांगून टाकायचं असं मी सकाळीच ठरवलं होतं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "एलोडी, मम्माबद्दल एक सांगायचंय." ती लगेच खुर्चीवरून उतरली, माझ्याजवळ आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मेमेर, तू दमलीस. आज राहू दे. बर्फ वितळल्यावर सांग." मग माझी बशी सरकवून तिने त्यातले बीन्स चमच्याने बारीक केले. मी ते खाल्ले.

बर्फ आता फक्त कोठारामागे, सावलीत उरलाय. ती रोज शाळेतून आली की तिकडे जाऊन बघते. मला वाटायचं खेळते.

माझ्या आईने मला काही सांगितलं नव्हतं, कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी तर नाहीच; गप्प राहून घर चालवायचं, एवढं आम्हाला उत्तम येतं. हे मी तिला शिकवलेलं नाही. ते ती आपोआप शिकली. तुमच्या यंत्राने तिला मोठी बाई म्हटलं याबद्दल मी मार्चपासून तुमच्यावर तोंड टाकतेय. यंत्र म्हणालं त्यात तसं चुकीचं काय होतं, ते आता माझ्याने सांगवत नाही. तरी कागद रद्दच राहील. ती चार वर्षांची आहे.

येत्या शनिवारी, २९ तारखेला, मी तिला घेऊन दफनभूमीत जाणार आहे. कॅरन जागा दाखवेल. तिथे उभी राहून मी तिला सांगेन की मला माहीत आहे. सुरुवातीपासून माहीत होतं. तिला हे आता एकटीने धरून ठेवायचं नाही. १३ मेला ती पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बसेल, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला तू. हमदीच्या आईलाही विचारलंय, ती हमदीला घेऊन येते म्हणाली.

त्याआधी मला तुझ्याकडून एक हवंय, आणि ते फक्त तूच देऊ शकतेस, कारण ऐकलंयस तू. "मेमेरला अजून माहीत नाही" हे म्हणताना तिचा आवाज कसा होता? रडका होता, दबका होता, की माझ्यासारखा? तुमच्या खांबांत हे नसतं, मला कळतं. तू ते पुन्हा ऐक. हवं तितक्या वेळा ऐक. मला हे कळल्याशिवाय त्या गेटमधून तिला आत नेता येणार नाही. तिला रडायला जागा द्यायची आहे की ती रडून मोकळी झाली आहे, हे मला आधी माहीत हवं.

उत्तर लेखी हवं, तुझ्या सहीचं, शुक्रवार २८ एप्रिल, दुपारी बाराच्या आत माझ्या दारात. जलद टपालाने पाठव. नंतर आलेलं मी उघडणार नाही.

आणि फोन करू नकोस. फोन वाजला की आधी ती उचलते.

लिओनी